उदेलालच्या खाटेजवळचा चार्जर

मी एक चार्जर. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीचा. विटेएवढा काळा डबा, एका बाजूला भिंतीतल्या बोर्डाची वायर, दुसऱ्या बाजूला बॅटरीची वायर, पोटात तारांचा गुंता आणि मागच्या जाळीआड एक बोटभर पंखा. मला तोंड नाही. एक दिवा आहे, तो लाल असतो नाहीतर हिरवा. एवढ्याशा दिव्यानं माणसांना काय काय सांगणार? तरी आज बोलतो, कारण माझ्यामुळे एका भल्या माणसाचं फार वाईट झालं आणि ते पोटात ठेवून मला आता राहवत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कोण्या पोरीनं माझे चार स्क्रू आवळले, एकदा दिवा लावून पाहिला आणि खोक्यात घातलं. अंधारातून डोळे उघडले ते थेट गोंदियात, चंद्रकुमारच्या दुकानात. बॅटरीच्या गाड्यांचं छोटं दुकान. तिथे दिवसभर हिंदी चालायची, मधूनच कोणी खेड्यातलं माणूस येऊन आपल्या बोलीत भाव विचारायचं.

तिथून मला रुक्मा घेऊन गेली. दवनीवाड्याची. चाळिशी उलटलेली, उन्हानं रापलेली, चालतानाही घाईत असणारी बाई. तिच्या नवऱ्याचा, उदेलालचा, दुधाचा धंदा होता. गावातल्या पाच-सहा घरचं दूध तो मोटारसायकलवरून मुर्री आणि गोंदियाला पोचवायचा. मागच्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. रुक्माला मोटारसायकल येत नव्हती. ही गाडी हलकी, गिअर नाही, म्हणून ती घेतली, आणि गाडीबरोबर मी आलो. लेक दुर्गेश्वरी लग्न होऊन देवरीला गेलेली. घरात ही दोघंच.

दुकानात चंद्रकुमारनं बजावलं होतं, "बाईजी, इसको हवा लगनी चाहिए. कपड़े-वपड़े के नीचे मत रखना." रुक्मानं मान डोलावली. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती घरी गेल्याबरोबर हलणाऱ्या पाटाखाली गेली, पाट सरळ बसावा म्हणून. माणसं अशीच. त्यात रुक्माचा दोष नाही, मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

घरात धड चालणारा बोर्ड एकच, उदेलालच्या खाटेजवळचा. त्याच्या पंख्यासाठी लावलेला. रुक्मा सकाळी दूध घालून अकराच्या सुमारास परत यायची, गाडीतली बॅटरी दोन्ही हातांनी उचलून घरात आणायची, खाटेशेजारी ठेवायची, प्लास्टिकच्या स्टुलावर मला मांडायची आणि बटन दाबायची. मग शेत, गुरं, चूल. तिला बसायला वेळ नव्हता.

आणि उदेलालला वेळच वेळ होता. मी आलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. आधी लोक भेटायला यायचे म्हणे, नंतर कमी झाले. जेवण समोर आलं की दोन घास खाऊन ताट सरकवायचा. रुक्मा म्हणायची, "खाना जी, अंगात ताकत कशी येईन?" तो म्हणायचा, "ताकत... कायले?" एवढंच. शब्द त्याला एकेक ओढून आणावा लागायचा.

एका दुपारी रुक्मा निंदणाला निघाली होती. डोक्यावर दुपट्टा गुंडाळता गुंडाळता ती सहज बोलून गेली, "अजी, हा लाल दिवा हिरवा झाला का बटन बंद करजा. मले यायले उशीर होईन." आणि तिनं तुरीची एक काडी सोलून त्याच्या डाव्या हाताशी ठेवली. गेली बिचारी, मागे वळूनही पाहिलं नाही. पण मी पाहत होतो. उदेलाल वळला. भिंतीकडून माझ्याकडे वळला. चार तास माझ्या दिव्याकडे पाहत राहिला. दिवा हिरवा झाला तसं त्यानं डाव्या हातानं काडी उचलली. पहिल्यांदा नेम चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा बटन खाली बसलं. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

तेव्हापासून ते त्याचं काम झालं. शेजारचा बकाराम दारातून विचारायचा, "का उदेलालभाऊ, ड्यूटीवर का?"

"हो. चार... वाजेवरी."

"सुट्टी कधी भेटते?"

"लाईन... गेली का."

बकाराम हसायचा, तोही अर्ध्या तोंडानं हसायचा. खरं सांगतो, मलाही बरं वाटायचं. कारखान्यात, दुकानात, कोणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. लोक चार्जर लावतात आणि विसरतात. हा माणूस मला राखत होता.

आता माझ्या तापण्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. तापणं हा माझा धर्म आहे. भिंतीतली वीज बॅटरीला जशीच्या तशी पचत नाही. ती मला बदलून द्यावी लागते, आणि त्या खटपटीत अंग गरम होतं. पण त्याला मर्यादा आहे. वर हात ठेवला तर ठेवून राहता यावा, एवढंच. ती मर्यादा मागचा पंखा सांभाळतो. पंखा फिरतोय तोवर मी शहाणा. पंखा थांबला की माझं मलाच आवरत नाही.

आणि पंखा थांबला दसऱ्याला.

त्या दिवशी रुक्मानं अंगण सारवलं, पाटावर विळे मांडले, कुदळ, कुऱ्हाड, दुधाचं माप मांडलं, गाडीला झेंडूची माळ घातली. मग आत येऊन मला उचललं. "गाडीचा पोट हाच भरते. याले कसा सोडू?" म्हणाली आणि मलाही पाटावर बसवलं, सगळ्यांच्या मधोमध. हळद लावली, कुंकू लावलं. उदेलालला धरून दारात खुर्चीवर बसवलं होतं. दोघांनी मिळून अक्षता टाकल्या. घरच्याच धानाचे तांदूळ, कुंकवात भिजवलेले, ओलेगच्च. विळ्यावरचे दाणे विळ्यावरून घसरले, कुदळीवरचे खाली पडले. माझ्यावरचा एक दाणा जाळीतून आत गेला आणि पंख्याच्या पात्यात अडकला. तिथंच वाळला आणि गोंदासारखा चिकटून बसला. तो दोघांपैकी कोणाच्या हातचा होता ते मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. त्या हातांत माझ्याविषयी मायाच होती.

दुसऱ्या दिवशी बॅटरी लावली. पंख्यानं एकदा कुरकुर केली, पातं थरथरलं आणि थांबलं. तासाभरात माझं अंग असं पेटलं की मी घाबरलो. ओरडलो, पण ओरडायला काय आहे माझ्याकडे? तोच लाल दिवा. तो तर रोजच लाल असतो.

तिसऱ्या दिवशी उदेलालला कळलं. रोज एकदा तरी तो डाव्या हातानं मला चाचपायचा, गाय चाचपावी तसा. त्या दिवशी हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. बोटांकडे पाहिलं. पुन्हा ठेवला, पुन्हा ओढला. मला वाटलं, सुटलो. आता हा सांगणार.

संध्याकाळी रुक्मा आली. "हिरवा झाला का?"

"झाला."

"बरा आहे ना सगळा?"

त्यानं ती बोटं गोधडीखाली घेतली. मग म्हणाला, "बरा आहे."

अरे बाबा, काय बरं आहे? माझी तार न् तार तडतडत होती. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू. पण तो का बोलला नाही तेही मला ठाऊक होतं. दसऱ्याच्या आधी वीज फार जात होती तेव्हा रुक्मा बकारामच्या बायकोला म्हणाली होती, "घरी ही कटकटच आहे. चंद्रकुमारच्या दुकानात चार्ज करून देतेत म्हने. दूध घालेवरी तिथंच लावून ठेवीन." ती सहज बोलली होती, पण उदेलालचं तोंड त्या रात्रीपुरतं भिंतीकडे गेलं होतं. मी बिघडलो असं कळलं तर मी दुकानात जाणार. मी गेलो तर याच्याकडे काय राहणार? म्हणून तो गप्प बसला. आणि मी तापत राहिलो.

गप्प बसला, पण स्वस्थ बसला नाही. त्यानं माझ्यावर उपचार सुरू केले. काय उपचार? त्याला दवाखान्यात ताप चढला होता तेव्हा रुक्मा कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायची. तेच त्याच्या डोक्यात. पिण्याच्या पाण्याचा तांब्या हाताशी असायचा. त्यात आपल्या उशाशी पडलेल्या दुपट्ट्याचं टोक बुडवायचं, एका हातानं पिळता येत नाही म्हणून दातात धरून पिळायचं, आणि माझ्यावर घडी ठेवायची. घडी वाळली की पुन्हा बुडवायची. तापलेल्या लेकराजवळ बसावं तसा बसायचा तो. तोंडानं पुटपुटायचा, "उतरन... उतरन."

वीज चालू असलेल्या चार्जरवर ओलं फडकं. देवा. मी त्याला कसं सांगू की बाबा, हात काढ, हे पाणी आत उतरतंय, तुला झटका बसेल, इथंच खाटेवर मरशील आणि रुक्माला वाटेल झोपला आहे. रोज एक-दोन थेंब जाळीतून आत झिरपायचे. रोज आत कुठेतरी चर्र व्हायचं. वरून जाळी झाकली गेल्यानं होती नव्हती ती हवाही बंद झाली. त्याच्या मायेनं मी आणखी तापत होतो. ज्या दुपारी वीज जायची त्या दुपारी मला रडावंसं वाटायचं, सुटल्यासारखं. लाईन आली की पुन्हा तेच.

कोणीतरी यावं म्हणून मी तळमळायचो. बकाराम एकदा आला होता. नाक वर करून म्हणाला, "काहीतरी जळल्यासारखा वास येऊन राहिला, उदेलालभाऊ."

"चूल," उदेलाल म्हणाला.

चूल तर सकाळपासून थंड होती. पण बकारामला धान कापायला जायचं होतं. त्याच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, धान पिकून लोळायला लागलं होतं. तो गेला. त्या दिवसांत गावात कोणाला थांबायला फुरसत नव्हती. सगळं गाव बांध्यांमध्ये होतं आणि गावात राहिले होते म्हातारे, कुत्री आणि आम्ही दोघं.

ती दुपार आली. रुक्मानं मला लावलं, त्याच्या हाताशी तांब्या ठेवला, भाकर झाकून ठेवली. कुत्रं शिरतं म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. ही कडी ती रोजच घालायची. "येतो जी," म्हणाली आणि विळा घेऊन गेली.

दीड-दोन तास मी कसाबसा तग धरला. उदेलालनं तीनदा घडी बदलली. चौथ्यांदा दुपट्टा जास्त ओला राहिला, दातांत तेवढा जोर नव्हता. पाण्याची धार सरळ माझ्या पोटात गेली. आत फाटकन आवाज झाला. धूर निघाला, काळा आणि कडू.

उदेलाल घाबरला, पण चुकला नाही. त्यानं काडी उचलली आणि पहिल्याच नेमात बटन बंद केलं. त्याचं कामच होतं ते. त्याला वाटलं, झालं. पण झालं नव्हतं. भिंतीकडची वीज थांबली, दुसऱ्या बाजूनं बॅटरी मला जोडलेलीच होती. ती माझ्या फुटलेल्या पोटात आपली ताकद ओतत राहिली. माझं अंग मऊ पडलं, खालचं स्टूल मऊ पडलं, मी एका बाजूला कललो आणि त्याच्या गोधडीला लागलो. गोधडीचा काठ काळा व्हायला लागला.

तो ओरडला. "रुक्..." एवढंच निघालं. दार बंद. बाहेर ऊन. खाटेवरून उठायला पाय नाही.

मी त्याला मनातल्या मनात विनवत होतो की सरक, जेवढा सरकता येईल तेवढा सरक, खाली पड, पण माझ्यापासून लांब हो. तो लांब झाला नाही. त्यानं डावा हात पुढे केला आणि मला धरलं. वितळत असलेल्या मला, पूर्ण पंजानं. मला ओढलं, बॅटरीतली पिन हिसकली आणि मला जमिनीवर फेकलं. मग तांब्यातलं उरलेलं पाणी गोधडीवर ओतलं आणि मागे कोसळला.

घर वाचलं. तो वाचला. पण त्याचा एकच हात चालत होता, आणि तो मी भाजला. त्याचा अंगठा माझ्या अंगात रुतला होता. माझं काळं प्लास्टिक त्याच्या कातडीला लागून निघालं आणि त्याची कातडी माझ्याकडे राहिली.

रुक्मा आली तेव्हा चार वाजून गेले होते. कडी काढली, धुराचा वास आला, आणि ती उंबऱ्यातच थांबली. मग धावली.

"हे काय जी? काय झाला?"

तो छताकडे पाहत होता. "तपत... होता. दसऱ्यापासून."

"दसऱ्यापासून? अन् मले काऊन नाही सांगतला?"

ती त्याच्या हातावर पाणी ओतत होती. पुन्हा विचारलं, "काऊन नाही सांगतला जी?"

"तू... याले नेला असता."

"तं काय झाला असता?"

"मंग मी..." त्यानं शब्द शोधला, खूप वेळ शोधला. "मंग मी दिवसभर काय करू?"

रुक्मा खाली बसली. ती त्याला एक शब्द रागानं बोलली नाही. लकवा मारला तेव्हाही त्याच्यासमोर रडली नव्हती, असं ती बकारामच्या बायकोला सांगायची. त्या दिवशी त्याच्यासमोर रडली.

पुढचे आठ दिवस मी खिडकीत पडून होतो. तिथून सगळं दिसायचं. त्याच्या हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी. डॉक्टर म्हणाले होते, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही सांगता येत नाही. रुक्मा त्याला भरवायची. पाणीसुद्धा तीच पाजायची. बकाराम आला, पण त्यानं काही विचारलं नाही. उदेलालच म्हणाला, "सुटली... ड्यूटी." आणि भिंतीकडे वळायचा प्रयत्न केला. आता तर वळायलाही दुसऱ्याचा हात लागायचा.

मग रुक्मा मला पिशवीत घालून चंद्रकुमारकडे घेऊन आली. नवा चार्जर घेतला, जुना म्हणून मला त्याच्या टेबलावर ठेवलं. निघताना दोनदा म्हणाली, "याले फेकून द्या भाऊ. पुन्हा कोनाच्या घरी नोको."

"हां बाईजी, कबाड़ में डाल देंगे," चंद्रकुमार म्हणाला.

टाकलंही त्यानं भंगाराच्या खोक्यात. मला बरं वाटलं. वाटलं, संपलो एकदाचा, आता कोणाला जाळणार नाही. पण एके दिवशी काम नव्हतं, त्यानं मला बाहेर काढलं. वरचं झाकण दुसऱ्याचं बसवलं. आतले दोन भाग बदलले. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची एक तार पिळून लावली, म्हणजे आता मी कितीही तापलो तरी मध्ये थांबवणारं कोणी नाही. पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवा लाल लागला, मग हिरवा लागला, तो खूश झाला. खालच्या अंगाला वितळलेला खड्डा होता, त्यावर त्यानं एक चकचकीत स्टिकर चिकटवलं.

आज दुपारी चिचगडहून सुकराम आला आहे. चाळीस-पन्नास मैलांवरून, जंगलातल्या गावातून. जुनी गाडी घेतली आहे त्यानं, चार्जर पाहिजे. साधा माणूस आहे, मला उलटसुलट करून पाहत होता.

"गरम नाही होत ना?" त्यानं विचारलं.

"थोड़ा तो होता है. घर पे कोई रहता है ना ध्यान देने को?"

"माय राहते. तिले चालता नाही येत, पन खाटेवरून तिले सगळा दिसते. तिच्याजवळच ठेवीन."

"बस, फिर क्या चाहिए," चंद्रकुमार म्हणाला आणि मला कागदात गुंडाळलं.

सुकराम, मी तुझ्या पिशवीतून बोलतोय. बस सुटायला अजून वेळ आहे. माझा दिवा बघू नकोस, तो खोटं बोलतो. मला उलटा कर आणि ते स्टिकर काढ. खाली अंगठ्याएवढा खड्डा आहे. त्यात तुझा अंगठा ठेवून बघ, नीट बसेल. तो दवनीवाड्याच्या एका माणसाचा आहे. तो बघ, आणि मग तुझ्या मायचा हात आठव, आणि मला इथंच, बसस्टँडच्या नाल्यात फेकून दे.

पण तू पिशवीचं तोंड बांधतो आहेस.